चहाची पारख



१८९० सालच्या ऑक्टोबर महिन्यात पुण्याच्या पंचहौद मिशनमध्ये एक व्याख्यान झाले आणि व्याख्यान संपल्यावर श्रोत्यांपुढे चहा-बिस्किटे आली. कुणी चहा घेतला, कुणी पेला नुसता हाती धरून बाजूला ठेवला. पुढे गोपाळराव जोशी यांनी हजर असलेल्यांची नावे छापून आणली आणि शहरात वादळ उठले. त्या नावांत न्यायमूर्ती रानडे होते, टिळकही होते. प्रकरण शंकराचार्यांपर्यंत गेले, चौकशी बसली, प्रायश्चित्तांची चर्चा घरोघर झाली. ज्या रानड्यांनी १८७५ साली पुण्यात वसंत व्याख्यानमालेचा पाया घातला, त्यांनाच एका व्याख्यानानंतरचा चहा असा भोवला. तेव्हा वसंतातल्या या व्यासपीठावरून चहावर बोललो, तर ते अप्रस्तुत ठरू नये.

त्या सगळ्या गदारोळात प्रश्न एकच होता: चहा कुणाच्या हातचा? पेला पुढे करणारा हात परधर्मीयाचा, एवढ्यावरून गाव दुभंगले. परंतु त्या पेल्यातली पाने खुडली कुणाच्या हातांनी, हे सनातन्यांनी विचारले नाही आणि सुधारकांनीही विचारले नाही. चहा चांगला की वाईट हे ठरवणारी माणसे त्या वेळी लंडनला आणि कलकत्त्याला दररोज शेकडो पेले चाखत होती. त्यांच्या जिभेवर चहाचा भाव ठरत होता, आणि त्या भावावर मळ्यातल्या मजुराचे जिणे टांगलेले होते. चहा चाखण्याच्या या विद्येचा इतिहास आज मला आपल्यापुढे मांडायचा आहे. मी चहाचा व्यापारी नव्हे आणि पंडित तर नव्हेच. माझे शिक्षण शाळेत थोडे आणि युनियनच्या कचेरीत व सार्वजनिक वाचनालयात पुष्कळ, असे झाले. कामगाराच्या कसबाबद्दल मला आदर आहे, आणि चहाची पारख हे एक अस्सल कसब आहे, अशा भावनेने मी या विषयाकडे आलो.

ही विद्या चीनची. आठव्या शतकात, तांग राजवटीत, लू यू नावाच्या गृहस्थाने 'छा चिंग', म्हणजे चहाचे शास्त्र, हा ग्रंथ लिहिला. झाड कसे असते, पान केव्हा खुडावे, भांडी कोणती, चहा कसा प्यावा, असे दहा प्रकरणांचे ते पुस्तक. त्यात त्याने पाण्याचीही प्रतवारी लावली आहे: डोंगरातले पाणी उत्तम, नदीचे मध्यम, विहिरीचे कनिष्ठ. पेल्यात पानाइतकेच पाणी बोलते ही गोष्ट बाराशे वर्षांपूर्वी त्याने ओळखली होती. पुढे सोंग राजवटीत चहाच्या चढाओढी लागत. कुणाच्या पेल्यावरचा फेस अधिक पांढरा आणि अधिक वेळ टिकणारा, यावर निकाल होई. हुइझोंग नावाच्या सम्राटाने तर बाराव्या शतकाच्या आरंभी स्वतः चहावर ग्रंथ रचला. राजा चहावर ग्रंथ लिहितो, तेव्हा त्या राजाला वसंताचे पहिले कोंब वेळेवर पोहोचवण्यासाठी कितीजणांना डोंगर चढावे लागले असतील, याचा विचार आपणच करावा.

इंग्लंडच्या दरबारात चहाची आवड रुजवण्याचे श्रेय पोर्तुगालच्या राजकन्या कॅथरिनला देतात. १६६२ साली तिचे लग्न इंग्लंडच्या दुसऱ्या चार्ल्सशी झाले, आणि त्याच विवाहाच्या करारात आपली मुंबई आंदण म्हणून इंग्रजांकडे गेली. म्हणजे एकाच लग्नात इंग्रजांना मुंबई मिळाली आणि चहाची गोडीही लागली. दोन्ही गोष्टी त्यांनी पुढे चांगल्याच वसूल केल्या.

१६७९ साली ईस्ट इंडिया कंपनीने लंडनमध्ये चहाचा पहिला लिलाव केला. त्या काळी 'मेणबत्तीचा लिलाव' चाले. मेणबत्तीवर इंचाची खूण करायची, ती पेटवायची, आणि ज्योत खुणेपाशी येईपर्यंत जी शेवटची बोली होईल तिच्यावर हातोडा पडायचा. चहा चीनमधून महिनोन् महिने जहाजात प्रवास करून येई. पेटीत काय आहे हे वरून कळायचे नाही. तेव्हा बोली लावण्याआधी नमुना काढून चाखणे व्यापाऱ्यांना भागच होते. चाखण्याचा धंदा शौकातून आला असे आपल्याला वाटते, पण त्याचे मूळ अविश्वासात आहे.

आणि अविश्वासाला कारणही सबळ होते. अठराव्या शतकात इंग्लंडात चहावरचा कर चढत चढत ११९ टक्क्यांपर्यंत गेला होता. कर असा चढला की दोन धंदे हमखास वाढतात, एक चोरट्या आयातीचा आणि दुसरा भेसळीचा. रिचर्ड ट्वायनिंग या चहाच्या व्यापाऱ्याने १७८५ साली या भेसळीची कृतीच लिहून ठेवली आहे. ॲश नावाच्या झाडाची पाने गोळा करायची, वाळवायची, भाजायची, पायांखाली तुडवायची, हिराकस आणि मेंढ्यांच्या लेंड्या घातलेल्या पाण्यात भिजवायची, आणि पुन्हा वाळवून चहात मिसळायची. आदल्याच वर्षी, १७८४ मध्ये, पंतप्रधान पिट यांच्या सरकारने कर साडेबारा टक्क्यांवर आणला होता. चोरटी आयात त्यामुळे मोडली. पण भेसळ पुढेही दीर्घकाळ चालू राहिली.

या बाबतीत रॉबर्ट फॉर्च्यून या वनस्पतिशास्त्रज्ञाची हकिकत बोधप्रद आहे. अठराशे चाळिशीच्या दशकात आणि पुढे १८४८ ते १८५१ या काळात तो चीनमध्ये हिंडला. चिनी वेष करून तो चहाच्या प्रदेशात आत शिरला, आणि तिथली रोपे, बिया व कारागीर त्याने कंपनीसाठी हिंदुस्थानात पाठवले. हिरवा चहा आणि काळा चहा ही दोन वेगळी झाडे नव्हेत, एकाच पानाच्या दोन कृती आहेत, हे युरोपीयांना त्याने खात्रीने सांगितले. परदेशी पाठवायच्या हिरव्या चहाला कारखान्यात प्रशियन निळ्या रंगाचा आणि जिप्सम दगडाच्या पुडीचा हात देतात, हेही त्याने डोळ्यांनी पाहिले. रंगवलेल्या शंभर पौंड चहामागे पिणाऱ्याच्या पोटात अर्ध्या पौंडाहून अधिक रंग आणि दगड जातो, असा त्याने हिशेब मांडला. चिनी माणसे स्वतः हा रंगवलेला चहा पीत नसत. परदेशी गिऱ्हाइकाला तसाच रंग आवडतो, म्हणून ते रंगवीत. गिऱ्हाईक डोळ्यांनी चहा घेऊ लागले की असे होते. चाखणाऱ्याच्या जिभेची किंमत कशात आहे, ते या हकिकतीवरून कळावे.

आता आपण आसामकडे वळू. सिंगफो लोक चहाचे पान वापरतात हे १८२३ च्या सुमारास रॉबर्ट ब्रूसला कळले. १८३४ साली बेंटिंकने चहासाठी समिती नेमली. आसामी चहाच्या पहिल्या आठ पेट्यांचा लिलाव लंडनमध्ये १० जानेवारी १८३९ रोजी झाला. तिथल्या दलालांनी तो चाखून अनुकूल मत दिले आणि नवलाईपोटी त्याला मोठा भाव आला. त्याच वर्षी आसाम कंपनी स्थापन झाली. जिभेने दिलेला एक निकाल काय करू शकतो, ते पाहा. त्या निकालानंतर आसामच्या जंगलाचे मळे झाले, आणि मळ्यांसाठी माणसे हवी झाली. आसामात स्वतःचे मळे लावणारा पहिला भारतीय मणिराम दिवाण. त्याला १८५७ च्या उठावात सामील असल्याच्या आरोपावरून १८५८ साली जोरहाटला फाशी दिले गेले. चहाच्या इतिहासात हेही पान आहे.

कलकत्त्याला चहाचा पहिला जाहीर लिलाव २७ डिसेंबर १८६१ रोजी झाला. तिथल्या जुन्या दलालपेढीच्या इमारतीचे नाव आजही 'नीलहाट' आहे, म्हणजे निळीचा बाजार. आधी त्याच पेढीच्या हातून निळीचे लिलाव होत. निळीच्या रयतेचे काय हाल झाले ते बंगालच्या इतिहासात नमूद आहे. नीळ मागे पडली, चहा पुढे आला, पाटी मात्र तीच राहिली. पुढे १८८३ मध्ये कोलंबोला, १९४७ मध्ये कोचीनला आणि १९७० मध्ये गुवाहाटीला लिलावाची केंद्रे सुरू झाली.

काही वर्षांपूर्वी एका कामगार परिषदेच्या निमित्ताने कोलकात्याला गेलो असता, ओळखीच्या एका गृहस्थांमुळे मला चहा चाखण्याची खोली पाहायला मिळाली. लांबच लांब ओटा, आणि खिडक्या उत्तरेकडे, कारण उत्तरेचा उजेड दिवसभर सारखा राहतो. ओट्यावर ओळीने मांडलेले पांढऱ्या चिनी मातीचे झाकणाचे पेले आणि प्रत्येकापुढे एक वाडगा. मदतनीस तराजूने प्रत्येक नमुना सारख्या वजनाचा तोलतो. पूर्वी त्यासाठी इंग्रजी सहा पेन्सचे चांदीचे नाणे वजन म्हणून वापरीत. नुकतेच उकळलेले पाणी ओतले जाते, घड्याळ लावले जाते. वेळ झाली की पेला आडवा करून चहा वाडग्यात गाळतात, आणि भिजलेली पाने झाकणावर काढून ठेवतात. म्हणजे पारख्यासमोर प्रत्येक चहाच्या तीन गोष्टी असतात: कोरडी पत्ती, भिजलेले पान आणि पेल्यातले पाणी. तो पत्ती हातात घेऊन पाहतो, पान हुंगतो, मग चमच्याने चहा घेऊन असा जोराने भुरका मारतो की आपल्या घरी कुणी तसा मारला तर आजी डोळे वटारील. त्या भुरक्याने चहाचा फवारा सगळ्या तोंडात पसरतो आणि वास घशातून नाकापर्यंत चढतो. क्षणभर थांबून तो थुंकतो, एखादा शब्द उच्चारतो, शेजारचा कारकून तो टिपतो, आणि पुढचा पेला. दिवसाकाठी असे काही शे पेले.

जगभर चहाची तुलना एकाच मापाने व्हावी म्हणून १९८० साली आंतरराष्ट्रीय मानकही ठरले. शंभर मिलिलिटर पाण्याला दोन ग्रॅम चहा आणि सहा मिनिटे वेळ. या मानकाची पुष्कळ थट्टा झाली. मला मात्र त्यात न्यायाचे एक मूलतत्त्व दिसते. स्पर्धकांना सारखे वजन, सारखे पाणी आणि सारखा वेळ दिल्याशिवाय त्यांच्यात डावे-उजवे करण्याचा अधिकार कुणाला पोहोचत नाही.

आता या पारख्यांचे शब्द ऐकण्यासारखे आहेत. चहा 'ब्रिस्क' आहे म्हणजे जिभेला चुणचुणीत लागतो, उलट 'फ्लॅट' म्हणजे मिळमिळीत. 'बॉडी' म्हणजे भरदारपणा. भिजलेले पान नव्या तांब्याच्या पैशासारखे चमकले तर ते 'कॉपरी'. जवाच्या मोडासारखी गोडसर चव असली तर 'माल्टी'. हे झाले गुण. दोषांची यादी याहून लांब आहे. 'बेकी' म्हणजे भट्टीची आच जास्त झाली. 'स्टूड' म्हणजे आच मंद राहिली आणि पान वाळण्याऐवजी स्वतःच्या वाफेत शिजले. 'ग्रीन' म्हणजे पान पुरते सुकवले नाही किंवा त्याचा रंग पालटू दिला नाही. 'स्मोकी' म्हणजे भट्टीचा धूर आत शिरला. 'कोर्स' म्हणजे दोन पाने आणि एक कळी सोडून खालची जून पाने व देठ खुडले गेले.

मी हे शब्द ऐकत होतो तेव्हा माझ्या मनात आले, की अहो, ही तर सगळी कामाच्या परिस्थितीची वर्णने आहेत! पान जून का येते? मजुरी वजनावर बांधलेली असली, आणि रोजचा ठराव, ज्याला आसामात निरिख म्हणतात, पुरा करायचा असला, की हात खालच्या पानाकडे जातो. पान आधीच काळवंडते का? झोळीत ठासून भरलेली पाने वजनाच्या वेळेपर्यंत उन्हात तापतात म्हणून. 'ग्रीन' का होते? पान बारा ते अठरा तास पसरून सुकवायचे असते, पण कारखान्यात जागा अपुरी आणि पावसाळ्यातला माल दुप्पट. पारख्याची जीभ इतकी तयार असते की शेकडो कोसांवरच्या मळ्यात पाळी कशी चालली होती हे ती एका भुरक्यात ओळखते. परंतु ती जो अहवाल लिहिते तो मळेवाल्याकडे जातो. तिथून दोषाचा जाब खाली, सरदाराकडे आणि मजुराकडे उतरतो. गुणाची वाहवा मात्र मळ्याच्या नावावर जमा होते.

हे झाले धंद्याचे. आता प्रत्यक्ष चवीविषयी दोन शब्द बोलतो. त्या दिवशी मला चार-सहा चहा ओळीने चाखायला मिळाले आणि पुढे मी ते घरीही आणून पाहिले. दार्जिलिंगचा वसंतातला पहिला बहर फिकट सोनेरी, फुलासारखा वासाचा. आपल्या कडक चहाच्या सवयीला तो प्रथम पाणचट वाटतो, आणि दुसऱ्या घोटाला आपण गप्प होतो. त्याच मळ्याचा मे-जूनचा दुसरा बहर गडद असून त्याला पिकलेल्या द्राक्षासारखा वास येतो, ज्याला 'मस्कटेल' म्हणतात. या वासात तुडतुडे आणि फुलकिडे यांचाही वाटा आहे. आपला शेतकरी ज्या किडीवर औषध फवारतो, तिने कोवळे पान चावले की झाड स्वतःच्या बचावासाठी जी द्रव्ये तयार करते, त्यांतून तो सुगंध वाढतो. आसामचा पानाचा चहा तांबूस, भरदार, दुधालाही न हटणारा. निलगिरीचा स्वच्छ, हलका आणि वासाळ. या सगळ्यांत श्रेष्ठ कोणता, असे मला विचारू नका. पहाटेच्या पाळीला निघालेल्या माणसाला दार्जिलिंगचा पहिला बहर देणे हा त्या माणसावरही अन्याय आणि त्या चहावरही. माझा कौल सकाळी आसामला आणि दुपारनंतर दार्जिलिंगच्या दुसऱ्या बहराला.

प्रतवारीबद्दल एक मोठा गैरसमज आपल्याकडे आहे. ऑरेंज पिको, ब्रोकन, फॅनिंग्ज, डस्ट ही नावे पुष्कळांना गुणाच्या पायऱ्या वाटतात. वस्तुतः ती बव्हंशी चाळणीची नावे आहेत. कोणते पान कोणत्या जाळीतून खाली पडले एवढेच ती सांगतात. 'पिको' हा शब्द कळीवरच्या पांढऱ्या लवेच्या चिनी नावावरून आला, आणि 'ऑरेंज'चा संत्र्याच्या वासाशी संबंध नाही. चांगल्या मळ्याची डस्ट वाईट मळ्याच्या लांब पानाहून सरस असू शकते. बारीक कणातून अर्क लवकर आणि पुष्कळ उतरतो, किलोमागे पेले अधिक होतात, म्हणून हॉटेलवाल्याला ती परवडते.

चहा पिणाऱ्या आपल्या देशाचा इतिहासही याच चाळणीशी जोडलेला आहे. हिंदुस्थानचा चहा प्रथम परदेशासाठी पिकवला जात होता. १९०३ साली चहाच्या निर्यातीवर उपकर बसवून त्या पैशातून प्रचार सुरू झाला, आणि पहिल्या महायुद्धाच्या काळात गिरण्या, कारखाने आणि खाणी यांच्यापर्यंत चहाचे ठेले पोहोचले. मंदीनंतर, निर्यात खुंटल्यावर, हा प्रचार आणखी नेटाने झाला. १९३० च्या सुमारास आसामात विल्यम मॅकर्चर याने पान दातेरी रुळांतून चिरडून, फाडून, वळवून त्याचे गोळीदार दाणे करणारे यंत्र काढले. तोच आपला सी. टी. सी. चहा. कडक, रंगदार, स्वस्त, आणि दूध-साखर पेलणारा. पारखी सुद्धा हा चहा दूध घालून चाखतात, कारण तो तसाच प्यायला जाणार हे त्यांना ठाऊक असते. थकलेल्या कामगाराला दुपारच्या भाकरीपर्यंत उभे ठेवण्याचे काम या चहाने केले. त्याला कमी लेखणाऱ्या शौकिनांशी माझे जमत नाही.

परंतु पेला हाती घेणारा कामगार आणि पान खुडणारा कामगार यांची गाठ कधी पडली नाही. मळ्यांसाठी छोटा नागपूर, संथाळ परगणे, ओरिसा, आंध्र इथून माणसे नेली गेली. अरकाटी नावाचे दलाल त्यांना फसवून, भुलवून गिरमिटावर अंगठा घेत. १८६३ ते १८६६ या तीन वर्षांत आसामात आणलेल्या सुमारे ८५ हजार मजुरांपैकी सुमारे ३२ हजार मेले किंवा पळाले, अशी सरकारी नोंद आहे. १८६५ च्या कायद्याने पळालेल्या मजुराला पकडण्याचा अधिकार खुद्द मळेवाल्याला दिला. ज्या वर्षांत कलकत्त्याचे पारखी 'ब्रिस्क' आणि 'बॉडी' हे शब्द वहीत टिपत होते, ती हीच वर्षे. अठराशे ऐंशीच्या दशकात द्वारकानाथ गांगुली यांनी मळ्यांत हिंडून ही गुलामी वर्तमानपत्रांतून उघडी केली. १९०१ मध्ये आसामचे चीफ कमिशनर हेन्री कॉटन यांनी मजुरी थोडी वाढवावी असे सुचवले, तर मळेवाल्यांनी रान उठवले.

मे १९२१ मध्ये सुरमा खोऱ्यातल्या चारगोला भागातले हजारो मजूर गांधीजींचा जयजयकार करीत मळे सोडून गावाकडे निघाले. चांदपूरला स्टेशनवर अडकून पडलेल्या या बायका-मुलांवर २० मेच्या रात्री गुरखा शिपाई घालण्यात आले. त्याचा निषेध म्हणून आगबोटींच्या आणि आसाम-बंगाल रेल्वेच्या कामगारांनी संप केला. दीनबंधू अँड्र्यूज तिथे धावून गेले. ज्यांनी चहाचे पान कधी खुडले नव्हते, त्यांनी पान खुडणाऱ्यांसाठी आपला पगार पणाला लावला. आमच्या चळवळीच्या इतिहासात या संपाचे नाव जितक्या वेळा घ्यावे तितके थोडे.

स्वातंत्र्यानंतर १९५१ साली मळेकामगारांचा कायदा झाला. घर, दवाखाना, पाळणाघर यांची जबाबदारी मालकावर आली. कागदावरचे अंमलात आणायला पुढे लढावे लागले, आणि तो लढा कसा वळण घेतो हे २०१५ साली केरळात मुन्नारला दिसले. बोनससाठी मळ्यातल्या हजारो बायका रस्त्यावर बसल्या. 'पेम्पिळै ओरुमै', म्हणजे बायकांची एकजूट, हे त्यांचे नाव. त्यांनी प्रस्थापित युनियनच्या पुढाऱ्यांनाही जवळ येऊ दिले नाही, आणि बोनसची मागणी मान्य करून घेतली. संघटनेच्या कामात आयुष्य घालवणाऱ्या माणसाला ही गोष्ट ऐकायला कडू वाटते. कडू असली तरी ती फिरवून फिरवून चाखली पाहिजे. कामगाराच्या नावाने बोलणाऱ्यांचीही पारख कामगारच करतो, आणि तोही कधी कधी तोंडातले थुंकून टाकतो.

आता एक हिशेब. मळ्यात एक बाई दिवसाला साधारण २४ किलो ओले पान खुडते असे धरा. साडेचार किलो ओल्या पानाचा एक किलो चहा होतो. म्हणजे तिच्या एका दिवसाच्या खुडणीतून पाच किलोंहून थोडा अधिक चहा निघतो. पेल्याला दोन ग्रॅम धरले तर अडीच हजारांहून अधिक पेले. २०२३ साली आसामच्या ब्रह्मपुत्रा खोऱ्यात रोजची रोख मजुरी २५० रुपये ठरली. म्हणजे पेल्यामागे तिच्या हाती दहा पैसेही पडत नाहीत. रेशन, घर हे वेगळे, हे मी प्रामाणिकपणे सांगतो. त्याच आसामचा, नुसत्या सोनेरी कळ्यांचा एक किलो चहा डिसेंबर २०२१ मध्ये गुवाहाटीच्या लिलावात ९९,९९९ रुपयांना गेला. अडीचशे रुपये रोजाने मोजले तर तो एक किलो म्हणजे चारशे दिवसांची मजुरी. असा चहा नवलाईचा असतो आणि सर्वसाधारण चहा काही शे रुपये किलोनेच जातो, हे खरे. पण पारखीचे मोल एवढे चढू शकते आणि खुडणीचे चढत नाही, हेही तितकेच खरे.

जुनी व्यवस्था हळूहळू आवरली. अमेरिकेने १८९७ साली कायदा करून आयात चहा चाखण्यासाठी सरकारी परीक्षक नेमले होते, ती पद्धत १९९६ मध्ये बंद झाली. लंडनचा शेवटचा चहालिलाव २९ जून १९९८ रोजी झाला, तीनशे एकोणीस वर्षांनी. आपल्याकडे हातोड्याची जागा संगणकाने घेतली. चहातली कोणती द्रव्ये चुणचुणीतपणा देतात आणि कोणती रंग देतात, हे रसायनशास्त्राने शोधून काढले आहे. तरी लिलावाआधी पेले अजून मांडले जातात आणि माणूस अजून भुरका मारतो. यंत्राला न उरकणारे हे कौशल्य टिकले याचा मला आनंद आहे, कारण कसब टिकणे हे कामगाराचे बळ असते.

आपण हे कसब थोडेफार घरी करून पाहावे, अशी माझी विनंती आहे. सुटा चहा विकणाऱ्या दुकानातून दोन-तीन प्रकारचे पन्नास-पन्नास ग्रॅम आणा. सारखे पेले घ्या, सारखे वजन घ्या, एकाच पातेल्यातले उकळलेले पाणी ओता, घड्याळ लावून सहा मिनिटे थांबा. पहिल्यांदा दूध-साखर नको. पत्ती पाहा, भिजलेले पान उलगडून पाहा, त्यात देठ किती आणि कळी किती ते मोजा. मग भुरका मारा, घरातल्यांनी हसले तर हसू द्या. जे वाटेल ते आपल्या मराठी शब्दात वहीत लिहा. तुरट, मिळमिळीत, करपट, टवटवीत, धुरकट: आपल्या भाषेत चवीच्या शब्दांना तोटा नाही. चार वेळा केलेत की रंग घातलेला चहा कोणता, जून पानाचा कोणता, हे दुकानदाराने न सांगता कळू लागेल.

आणि एवढे साधले की दुकानदाराला एक प्रश्न विचारा, हा चहा कोणत्या मळ्याचा? बहुधा त्याला सांगता येणार नाही. तरी विचारत राहा. गिऱ्हाईक विचारते ते दुकानदार घाऊक व्यापाऱ्याला विचारतो, आणि व्यापारी दलालाला. मळ्याचे नाव पुड्यावर आले, तर त्या मळ्यात घरांना छप्पर आहे का, पाळणाघर उघडे असते का, हे आम्हा युनियनवाल्यांना आणि वर्तमानपत्रांना विचारता येईल. १८९० साली या प्रांतातल्या लोकांनी चहा कुणाच्या हातचा हे विचारले, तेव्हा ते माणसाला दूर ठेवण्यासाठी होते. तोच प्रश्न आपण त्या माणसापर्यंत पोहोचण्यासाठी विचारावा, एवढे सांगून मी आपली रजा घेतो. बाहेर चहा ठेवला आहे असे कार्यवाहांनी मघाशी सांगितले. तो निवण्याआधी घ्यावा.